पुन्हा मैदानावर : चाळिशी उलटलेल्या कामगाराने बॅट कोणती घ्यावी?

सुटीच्या दिवशी सकाळी संत तुकाराम नगर, वल्लभनगर, नेहरूनगर, खराळवाडी या भागातून एक फेरफटका मारावा. जिथे चार पावले मोकळी जागा आहे तिथे क्रिकेट चाललेले दिसते. ज्यांची सुटी गुरुवारी ते गुरुवारी खेळतात, बाकीचे रविवारी. पूर्वी या खेळात पोरेसोरेच असत. आता त्यांच्यात केस पिकलेले गडीही दिसू लागले आहेत. वीस-बावीस वर्षे तिन्ही पाळ्या केलेले, मुलांची शिक्षणे मार्गी लावलेले, सोसायटीच्या कर्जाचे हप्ते फेडत आणलेले हे लोक पुन्हा मैदानावर येत आहेत. कुणाला डॉक्टरांनी हालचाल करायला सांगितले आहे, कुणाला जुन्या दोस्तांनी ओढून आणले आहे, तर कुणाला जयंतीनिमित्त होणाऱ्या स्पर्धेत मंडळाच्या संघातून एकदा तरी पुन्हा खेळायचे आहे.

आम्हाला याचा आनंद आहे. दारू, पत्ते आणि मोबाईल यांत सुटी घालवण्यापेक्षा घाम गाळलेला केव्हाही बरा. पण या परतणाऱ्या खेळाडूंपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो बॅटचा. जुनी बॅट कधीच कुणाच्या तरी घरी धुणे बडवायला गेलेली असते. नवी घ्यायला जावे तर दुकानात पन्नास बॅटी मांडलेल्या असतात. चारशे रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंत भाव. काचेसारखे चकचकीत स्टिकर, मोठमोठ्या खेळाडूंच्या सह्या. दुकानदार गोड बोलतो. भिडस्त माणूस ‘जरा चांगली द्या’ म्हणून जातो आणि महिन्याच्या किराण्याइतके पैसे मोजून बाहेर पडतो.

आमच्या परिचयातील एका बंधूंचे असेच झाले. वय सेहेचाळीस, एका कारखान्यात ऑपरेटर. बोनस हातात आला म्हणून त्यांनी हप्त्याने अठरा हजारांची इंग्लिश विलोची बॅट घेतली. तिला तेल लावायचे असते, ठोकून मुरवायची असते, हे दुकानात त्यांना कुणी सांगितले नाही. दुसऱ्याच महिन्यात तिची कड फुटली. हप्ते मात्र वर्षभर चालू राहिले. घरात जी बोलणी खावी लागली ती वेगळीच. दुकानाचे नाव छापण्याचे आम्हाला कारण नाही, कारण असे प्रकार सगळीकडेच होतात. त्या बंधूंचा काही गुन्हा नव्हता. माहिती नसली की गरिबाचाच पैसा बुडतो. म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

पहिला प्रश्न बॅटचा नव्हे, चेंडूचा

दुकानात पाय ठेवण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. मी कोणत्या चेंडूने खेळणार आहे? अर्धा निर्णय येथेच होतो.

आपल्या भागातील बहुतेक खेळ टेनिसच्या चेंडूचा. साध्या टेनिस चेंडूचे वजन सत्तावन्न-अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपास असते. स्पर्धांत त्याहून जड, कडक टेनिस चेंडूही वापरतात. लेदरचा, म्हणजे कातडी चेंडू मात्र १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. साध्या टेनिस चेंडूच्या जवळजवळ तिप्पट. त्याचा मार सोसायला लाकूड दाबून घट्ट केलेले लागते, बॅटचे वजनही थोडे जास्त लागते. टेनिसच्या बॅटचे लाकूड हलके ठेवतात, पाठीमागून ते कोरून काढतात आणि कड जाड दिसेल असे बघतात, म्हणजे बॅट भरकन फिरते.

यावरून नियम साधा निघतो. टेनिसची बॅट कातडी चेंडूला लावू नये, ती चार-सहा षटकांतही फुटू शकते. आणि केवळ टेनिस चेंडूने खेळणाऱ्याने महाग इंग्लिश विलो घेऊ नये. त्या लाकडाचा जो गुण आहे तो कातडी चेंडूवर कळतो. टेनिस चेंडूवर त्याचे पैसे वाया जातात.

‘पुढेमागे लेदरवर खेळायचे झाले तर?’ असे काही जण विचारतात. तेव्हाचे तेव्हा पाहावे. दोन्हींना चालेल म्हणून घेतलेली बॅट बहुधा एकाही खेळाला धड होत नाही.

लाकूड ओळखा

बॅटीचे लाकूड विलोचे. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज नावाचे झाड आढळते, त्याच्याच कुळातले हे झाड. बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे लाकूड येते.

पहिले पॉपलर. हे विलो नव्हेच. वजनाला हलके, मऊ आणि स्वस्त. लहान मुलांना बोळात प्लास्टिकच्या चेंडूने खेळायला ठीक आहे, मोठ्या माणसाने घेऊ नये. काही ठिकाणी पॉपलरवर रंगीत आवरण चढवून ती काश्मिरी म्हणून खपवतात. म्हणून ज्या बॅटची फळी जाड प्लास्टिकच्या आवरणाखाली पूर्ण झाकलेली आहे, ती घेताना दहादा विचार करावा. लाकूड डोळ्यांना दिसले पाहिजे.

दुसरे काश्मिरी विलो. इंग्रजांच्या काळात ही झाडे काश्मीर खोऱ्यात लावली गेली. आज अनंतनागजवळ संगम, हलमुल्ला या भागांत श्रीनगर-जम्मू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बॅटीचे कारखाने आहेत. वाळायला रचलेल्या फळ्यांचे मनोरे तेथे रस्त्यावरूनच दिसतात. हे लाकूड रंगाने जरा तपकिरी, वजनाला थोडे जड आणि टिकायला चांगले. आपल्यासारख्यांच्या उपयोगाचे ते हेच.

तिसरे इंग्लिश विलो. रंगाने फिकट, वजनाला हलके. चेंडू त्याच्यावरून जास्त जोराने उसळतो. हे लाकूड इंग्लंडमधून येते आणि आपल्याकडे मेरठ, जालंधर येथे त्याच्या बॅटी घडतात. या दोन शहरांची गोष्टही वाचकांना ठाऊक असावी. फाळणीपूर्वी क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र सियालकोट होते. १९४७ साली तेथून निर्वासित होऊन आलेल्या कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी जालंधर व मेरठमध्ये हा धंदा पुन्हा उभा केला. आज ज्या एस.जी. कंपनीचे नाव आपण घेतो, तिची सुरुवात १९३१ साली सियालकोटलाच झाली होती. हातातील बॅटमागे कुणाचे तरी उजाडलेले घर आणि कुणाचे तरी कष्ट असतात, हे विसरू नये.

भावाचे म्हणाल तर काश्मिरी विलोची बरी बॅट साधारण दीड ते तीन हजारांत मिळते. इंग्लिश विलो पाच-सहा हजारांच्या खाली क्वचितच येते, आणि त्या भावात येते ती खालच्या प्रतीची. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या, फळीच्या मधोमध चेंडू क्वचित बसणाऱ्या माणसाला चांगली काश्मिरी बॅट खालच्या प्रतीच्या इंग्लिश बॅटपेक्षा जास्त उपयोगी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिचे लाकूड चुकीच्या जागी बसलेला मारही सोसते. नवख्याला आणि परतलेल्याला नेमके तेच हवे असते.

वजन : येथेच बहुतेक जण फसतात

विशीत आपण कोणतीही बॅट फिरवत होतो. ती आठवण मनात घेऊन माणूस जड बॅट उचलतो. दुकानात दोन वेळा हवेत फिरवली की ती बरी वाटते. पण मैदानात तिसऱ्या षटकात खांदा भरून येतो, चेंडू येऊन जातो आणि बॅट मागेच राहते.

सचिन तेंडुलकर जड बॅटने खेळत असे, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच सचिनला कोपराच्या दुखण्यासाठी २००५ साली लंडनला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्याच्यापाशी डॉक्टर होते, विश्रांती होती. आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला यंत्रावर उभे राहायचे असते. हात धरला तर खाडा पडतो आणि पगार कापला जातो. म्हणून कामगाराने बॅट हलकीच घ्यावी.

कातडी चेंडूसाठी साधारण ११४० ते ११९० ग्रॅमची बॅट पुरे. टेनिससाठी एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी. दुकानदाराकडे वजनकाटा मागावा. नसेल तर शेजारच्या किराणा दुकानात करून आणतो म्हणावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपण भाजी तोलून घेतो, मग दोन हजारांची वस्तू अंदाजाने का घ्यावी?

काट्याखेरीज आणखी एक परीक्षा आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने बॅट फक्त डाव्या हातात धरावी, डावखुऱ्याने फक्त उजव्या हातात. म्हणजे मुठीवर जो हात वरच्या बाजूला असतो त्याच हाताने. मग ती मारायला उचलतो तशी मागे उचलून मनात दहा अंक मोजावेत. मनगट थरथरले किंवा बॅटचे टोक खाली झुकले तर ती आपली नव्हे. सारख्या वजनाच्या दोन बॅटींपैकीही एक हातात हलकी वाटते आणि दुसरी जड, कारण लाकडाचा भार कुठे ठेवला आहे यावर ते ठरते. म्हणून काटा आणि हात या दोघांचीही साक्ष घ्यावी.

उंची, मूठ आणि फुगवटा

मोठ्या माणसाची बॅट ‘शॉर्ट हँडल’ या नावाने मिळते. नावावर जाऊ नका, हीच नेहमीची पूर्ण मापाची बॅट. बुटक्या माणसाने आणि बहुतेक भगिनींनी त्याहून थोडी लहान ‘हॅरो’ किंवा ६ नंबरची बॅट हातात घेऊन पाहावी. पवित्रा घेऊन बॅटचे टोक पायाशी टेकवावे. मुठीचा वरचा शेवट मांडीच्या सांध्याजवळ आला पाहिजे. पोटात टोचत असेल तर बॅट लांब आहे.

मूठ वेताची असते आणि वेताच्या पट्ट्यांमध्ये रबर बसवलेले असते, म्हणजे हाताला झिणझिण्या येत नाहीत. मूठ फळीत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात खोबणी करून डिंकाने बसवतात. हा सांधा नीट पाहावा. तिथे फट दिसली, किंवा मूठ धरून हलकेच वाकवल्यावर कुरकुर ऐकू आली, तर बॅट परत ठेवावी. मुठीवरचे रबर जुने असले तरी चालेल, ते थोडक्या पैशांत बदलून मिळते.

फळीच्या पाठीमागे जिथे लाकूड सर्वात जाड असते, त्याच्या समोरच्या बाजूवर चेंडू बसला तर तो लांब जातो. आपल्या मुरमाड मैदानांवर चेंडू फार उसळत नाही, तो खाली राहतो. तेव्हा हा फुगवटा जरा खालच्या अंगाला असलेली बॅट आपल्याला सोयीची.

लाकडावरच्या उभ्या रेषाही पाहाव्यात. त्या सरळ असाव्यात. सहा ते दहा रेषा असल्या तर उत्तम, पण काश्मिरी लाकडात त्या बऱ्याचदा अंधूक दिसतात, त्यात बिघडले काही नाही. एखादा छोटा तपकिरी डाग असला म्हणूनही बॅट वाईट ठरत नाही. उलट अशा डागामुळे भाव थोडा उतरतो. टोकाशी किंवा कडेला मोठी गाठ असेल तर मात्र नको.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅटची रुंदी कितीही पैसे मोजले तरी वाढत नाही. १७७१ साली इंग्लंडमध्ये एक खेळाडू यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन आला, तेव्हापासून रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली. आजही ती १०८ मिलिमीटर आहे. कडेची जाडी ४० मिलिमीटरहून अधिक नसावी, असा नियम २०१७ साली झाला. १९७९ साली ऑस्ट्रेलियाचा लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, त्यानंतर फळी लाकडाचीच हवी असे ठरले. तेव्हा साहेबाची बॅट असो की कामगाराची, कायद्याने माप एकच.

स्टिकरचे पैसे देऊ नका

बॅटीचा भाव लाकडाचा असतो, घडणावळीचा असतो आणि बराचसा नावाचा असतो. स्टिकर बाजारात सुटे विकत मिळतात. कोऱ्या बॅटवर कोणतेही नाव चिकटवता येते. नावाजलेल्या कंपनीची म्हणून एखादी बॅट निम्म्या भावात कुणी देऊ लागला, तर त्याने फक्त स्टिकर नावाजलेला लावला असण्याचा संभव मोठा. त्यापेक्षा साध्या नावाची, पण लाकूड उघडे दाखवणारी बॅट घ्यावी.

येथे आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे ही खेळाडू. मे २०२२ मध्ये आपल्या जवळच्याच गहुंजे मैदानावर महिलांच्या टी-ट्वेंटी स्पर्धेत तिने २५ चेंडूंत अर्धशतक केले. पुढे मार्च २०२३ मध्ये ती पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये उतरली, तेव्हा तिच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचा स्टिकर नव्हता. कुणी पुरस्कर्ताच नव्हता. धोनीला मानणाऱ्या या मुलीने बॅटवर स्वतःच्या हाताने ‘एमएसडी ०७’ एवढे लिहिले आणि त्या सामन्यात ५३ धावा केल्या. धावा बॅटवरच्या नावाने होत नाहीत, एवढे यावरून समजावे.

जुनी बॅट घ्यावी काय?

जरूर घ्यावी, पण पारखून. क्रिकेट शिकणाऱ्या मुलांच्या बॅटी दोन-तीन वर्षांत लहान होतात, काही जण खेळ सोडतात. अशा बॅटी निम्म्या किमतीत मिळतात आणि त्या ठोकून मुरलेल्या असतात, हा वर फायदा.

चार जागा तपासाव्यात. टोक : तिथे ओल शिरून लाकूड फुगले आहे काय, भेग वर चढली आहे काय. कडा : तिथे टेपखाली काय लपवले आहे. सांधा : मूठ हलते काय. आणि फळीचा दर्शनी भाग : एक जुना चेंडू फळीवर ठिकठिकाणी हलके आपटून पाहावे. ‘टक्’ असा मोकळा आवाज आला तर लाकूड जिवंत आहे. ‘थप्’ असा बसका आवाज आला तर आत भेग असू शकते. दर्शनी भागावरच्या केसासारख्या बारीक चिरांना घाबरू नये, त्या वापराच्या खुणा आहेत. कड आणि टोकावरच्या भेगा डिंक व टेपने सांधता येतात. सांधा मात्र गेला असेल तर दुरुस्तीचा खर्च बॅटीच्या भावाला भिडतो.

घरबसल्या मोबाईलवरून मागवण्याची सोय आज आहे. भावही कधी कमी असतो. पण बॅट हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये, असे आम्ही सांगू. पिंपरी कॅम्पात पाहावे, तिथे मनासारखे मिळाले नाही तर पुण्यात जावे. मार्च २०२२ पासून संत तुकाराम नगरलाच मेट्रोचे स्थानक झाले आहे. एका सुटीत चार दुकाने पाहून येता येते. पहिल्या दुकानात काहीही घ्यायचे नाही, असे घरूनच ठरवून निघावे.

हिशेब मांडा

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्याने कारकून. त्यामुळे वहीत मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. पावसाळा, लग्नकार्ये आणि ओव्हरटाइम वजा जाता वर्षात चाळीस दिवस खेळ होतो असे धरू. बॅट तीन वर्षे टिकली तर एकशे वीस दिवस. दोन हजारांच्या बॅटला दिवसाला सतरा रुपयेही पडत नाहीत. अठरा हजारांच्या बॅटला दीडशे रुपये पडतात. सतरा रुपये म्हणजे चहापाण्याचा खर्च. तेवढा खर्च स्वतःच्या आरोग्यासाठी आणि आनंदासाठी करण्याचा कष्टकऱ्याला पूर्ण हक्क आहे, घरच्यांनीही तो उधळेपणा मानू नये. दीडशेचा खर्च मात्र मुलांच्या क्लासच्या फीतून काढावा लागतो, तो करू नये.

आणखी चांगला मार्ग संघाचा. अकरा जणांनी प्रत्येकी तीनशे रुपये काढले तर ३,३०० रुपये होतात. त्यात दोन हजारांची एक चांगली बॅट येते, उरलेल्यात चेंडू आणि बाकीचे किरकोळ साहित्य. एका वहीत जमाखर्च लिहावा, बॅट कुणाकडे आहे त्याची सही घ्यावी. जयंतीचा हिशेब आपण फलकावर लावतो तसाच हाही उघड ठेवावा. पैसा थोडा असला की भांडण लवकर होते, हे आम्ही संस्थांच्या कामात पुष्कळ पाहिले आहे.

बॅटीतून वाचलेले पैसे आधी बुटांवर आणि संरक्षक साहित्यावर घालावेत. कातडी चेंडूने खेळायचे तर पॅड, हातमोजे, पोटाखालचा गार्ड आणि हेल्मेट यांवाचून उभे राहूच नये. १९९८ साली ढाक्यात रमण लांबा हे भारताचे माजी खेळाडू हेल्मेट न घालता फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करीत होते. डोक्याला चेंडू लागून त्यांचा मृत्यू झाला. ते कसलेले खेळाडू होते. आपण तर पंधरा वर्षांनी परत आलेले. नजर पूर्वीची राहिलेली नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आणि बॅट घेण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आपल्या दारातच आहे. खेळापूर्वी दहा मिनिटे चालावे, पोटऱ्या आणि खांदे मोकळे करावेत. चाळिशीनंतर पहिली धाव चोरायच्या नादातच पोटरी धरते.

नव्या बॅटीची निगा

टेनिसच्या बॅटला तेल लावण्याची वा ठोकण्याची गरज नाही. कातडी चेंडूच्या बॅटला मात्र दोन्ही लागतात. कच्चे जवसाचे तेल कापडाच्या बोळ्याने फळीवर, कडांवर आणि टोकाला अगदी पातळ लावावे. सांध्याला, मुठीला आणि स्टिकरला तेल लावू नये. बॅट आडवी ठेवून एक दिवस वाळू द्यावी. असे दोन-तीनदा करावे. मग लाकडी हातोडीने आधी हलके, नंतर थोडे जोराने ठोकत जावे. कडांवर तिरपे ठोकावे, म्हणजे त्या गोलसर होतात. रोज थोडे थोडे करून एकूण चार-सहा तास हे काम करावे. त्यानंतर काही दिवस जुन्या चेंडूने हलका सराव करावा आणि मगच सामन्यात न्यावी. कंटाळवाणे काम आहे, पण अठरा हजारांची बॅट ज्याअभावी फुटली ते हेच. हे काम मुलांकडे सोपवले तर ती आनंदाने करतात, मात्र शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळावी. रात्रपाळी करून आलेला माणूस भिंतीपलीकडे झोपलेला असतो.

घरात बॅट मोरीजवळ किंवा ओल्या फरशीवर टेकवून उभी करू नये, टोकातून ओल चढते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात छताजवळ माळ्यावर टाकू नये, लाकूड सुकून तडकते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. पलंगाखाली कोरड्या जागी आडवी ठेवलेली बॅट सर्वात सुखी.

बॅट कुणाच्या हातात?

इतके सगळे एका लाकडाच्या फळीविषयी कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला उत्तर आहे.

चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात इंग्रज साहेबांच्या जिमखान्यावर नोकरीला होते. पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. तासन्‌तास त्यांनी चेंडू टाकले आणि त्यातूनच ते देशातील अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. परंतु पुण्यातल्या त्या वर्षांत साहेबांनी त्यांच्या हातात बॅट कधी दिली नाही. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी हे नोंदवून ठेवले आहे. फलंदाजी मोठ्या लोकांची, चेंडू टाकण्याचे कष्ट नोकराचे, अशी ती वाटणी होती. पुढे हिंदू संघातून खेळताना सहकारी त्यांच्याबरोबर मैदानावर उतरत, पण चहा त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि विठ्ठल हे नामांकित फलंदाज होते.

राजकारणात बाळूंचा मार्ग वेगळा होता. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, हेही आम्हाला ठाऊक आहे. पण मैदानावर त्यांनी जे सोसले ते खरेच सोसले, आणि जे मिळवले ते स्वतःच्या बळावर मिळवले.

त्या काळापासून आजपर्यंत पुष्कळ पाणी वाहून गेले. आज दुकानात बॅट मागताना कुणी जात विचारत नाही, पैसे विचारतो. म्हणून पैशाच्या बाबतीत आपण डोळस राहिले पाहिजे. दुसऱ्याच्या झगमगाटाला भुलून खिसा रिकामा करायचा नाही, आणि ‘आपल्याला कुठे परवडते’ म्हणून मैदानाकडे पाठही फिरवायची नाही.

शेवटची विनंती घरातील कर्त्या पुरुषांना. बॅट घरी आली की ती फक्त बाबांची किंवा फक्त मुलाची होऊन जाते. मुलगी दारात उभी राहून पाहते आणि सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू आणून देते. बाळूंच्या वाट्याला आलेले काम आपण आपल्याच लेकीच्या वाट्याला देऊ नये. बॅट हलकी घ्या असे आम्ही वर सांगितले, त्याचा आणखी एक उपयोग हा की तीच बॅट तिलाही पेलते. येत्या सुटीला पहिली दहा मिनिटे फलंदाजी तिची असू द्या. चेंडू तुम्ही टाका.